पोटातल्या बाळाचं ऑपरेशन: कोल्हापुरातून येणारे नेहमीचे प्रश्न

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की रात्री साडेदहानंतर माझा फोन वाजायला लागतो. दिवसभर घरात माणसं असतात, रडता येत नाही आणि विचारताही येत नाही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा लिहूनच काढले. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमचा रिपोर्ट, तुमचे आठवडे आणि तुमचं शरीर बघूनच तुमचे डॉक्टर ठरवतील.

१. मॅडम, पोटातल्या बाळाचं ऑपरेशन म्हणजे बाळ बाहेर काढतात आणि परत आत ठेवतात का ओ?

नाही. बाळ आतच असतं, नाळ चालू असते, वार जागच्या जागी असते. तीन मार्गांनी बाळापर्यंत पोचता येतं. पहिला सुईचा: सोनोग्राफीत बघत आईच्या पोटातून सुई घालून रक्त देणं, पाणी काढणं किंवा बारीक नळी बसवणं. दुसरा दुर्बिणीचा: दोन-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण गर्भपिशवीत घालून काम करणं. तिसरा उघड्या ऑपरेशनचा. त्यात सिझरसारखं पोट आणि पिशवी उघडतात आणि बाळाचा जेवढा भाग दुरुस्त करायचा तेवढाच त्या चिरेपाशी आणतात.

एक अपवाद आहे. गळ्यावरच्या मोठ्या गाठीमुळे बाळाची श्वासनळी दबली असेल, तर सिझरच्या वेळी बाळ अर्धवट बाहेर काढून, नाळ न कापता, आधी श्वासाची वाट मोकळी करतात. तोवर वारच त्याला प्राणवायू पुरवत असते.

२. हे नवीन आहे का? आमच्यावर प्रयोग तर होत नाही ना?

१९६३ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला विल्यम लायली यांनी पोटातल्या बाळाला पहिल्यांदा रक्त दिलं. आईच्या पोटातून सुई बाळाच्या पोटात, इतकं सरळ ते काम होतं. पिशवी उघडून केलेली पहिली शस्त्रक्रिया १९८१ मधली, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांच्या हातची. त्या बाळाची लघवीची वाट अडली होती. म्हणजे काही उपचार आज रुळलेले आहेत (रक्त देणं, जुळ्यांतलं लेझर), काही ठरावीक बाळांनाच उपयोगी पडतात आणि काही अजून खरोखर प्रयोगच आहेत. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, “आमचा उपचार यातल्या कुठल्या खणात बसतो?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

३. कुठल्या कुठल्या आजारांत करतात?

यादी लोकांना वाटते त्यापेक्षा छोटी आहे. पाठीचा कणा उघडा राहणं म्हणजे स्पायना बायफिडा (प्रश्न ७ ते १०), एकाच वारेवरच्या जुळ्यांत रक्ताची वाटणी बिघडणं (प्रश्न ११), रक्तगटामुळे बाळाला होणारा ॲनिमिया (प्रश्न १२), छाती-पोटामधल्या पडद्याला मोठं भोक (प्रश्न १३) आणि लघवीची वाट अडणं (प्रश्न १४). त्याखेरीज छातीत पाणी साठणं, फुप्फुसातली मोठी गाठ, माकडहाडाजवळची गाठ आणि हृदयाची एखादी झडप फारच अरुंद असणं. दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२३ मध्ये द्राक्षाएवढ्या हृदयातली झडप फुग्याने उघडली, ती बातमी बऱ्याच जणांनी मला पाठवली होती. ती खरी आहे.

साधारण शंभरातल्या दोन-तीन बाळांत मोठा जन्मदोष सापडतो. त्यातल्या फारच थोड्यांना जन्माआधी हात लावावा लागतो. बाकीच्यांचा उपचार जन्मानंतर, आणि तोच बरा.

४. आमच्या बाळाचा ओठ फाटलेला दिसतोय. पोटातच शिवून टाकला तर व्रणसुद्धा राहणार नाही म्हणे?

म्हणणारा अगदीच चुकीचा नाही. गर्भातल्या बाळाची कातडी ठरावीक आठवड्यांपर्यंत व्रण न राहता भरते. पण ओठ न शिवल्याने बाळाचा जीव जात नाही आणि पिशवी उघडली तर जाऊ शकतो. हा व्यवहार तोट्याचा आहे. फाटलेला ओठ, टाळू, वाकडा पाय, जास्तीचं बोट, हृदयातलं साधं भोक हे सगळं जन्मानंतर. ओठाचं ऑपरेशन बाळ काही महिन्यांचं झाल्यावर होतं, वाकड्या पायाला पहिल्या आठवड्यांपासून प्लास्टर चढतं. पैशांच्या बाजूसाठी प्रश्न १६ पाहा.

५. ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती. सासूबाई म्हणतात त्यानेच झालं.

नाही झालं. ओठ जुळायचं काम तिसरा महिना लागता लागता संपलेलं असतं आणि पाठीचा कणा तर त्याच्याही आधी बंद होतो. तुम्ही सांगितलेलं ग्रहण सातव्या महिन्यातलं होतं! सासूबाईंना हे हिशेबासकट सांगा, भांडून नको. त्यांनाही घाबरायला झालंय आणि काहीतरी कारण सापडलं की माणसाला जरा बरं वाटतं. मात्र ते कारण सुनेच्या माथी मारू नका म्हणावं.

६. कुठली सोनोग्राफी कधी करायची? सगळ्याच करायला लागतात का?

दोन तरी चुकवू नका. पहिली ११ ते १४ आठवड्यांत: बाळाच्या मानेमागचं पाणी, डोक्याची कवटी, आणि जुळं असेल तर वार एक की दोन. दुसरी १८ ते २० आठवड्यांत, जिला आपल्याकडे ‘पाचव्या महिन्याची’ किंवा ‘ॲनॉमली स्कॅन’ म्हणतात. हृदयाची शंका आली, आईला आधीपासून साखर असली किंवा घरात कुणाला जन्मजात हृदयदोष असला, तर हृदयाचा वेगळा इको १८ ते २४ आठवड्यांत.

या पानावर एकच गोष्ट वाचणार असाल तर ही वाचा: स्कॅन १८-१९ व्या आठवड्यात करा, बाविसाव्यात नको. पोटातल्या बहुतेक उपचारांना आठवड्यांची खिडकी असते आणि ती तुमच्या सोयीने उघडी राहत नाही. चंदगडकडची एक मुलगी माझ्याकडे २७ व्या आठवड्यात आली होती. पाचव्या महिन्यात गावची यात्रा, मग ऊसतोड, मग माहेरी कुणाचं तरी लग्न. बाळाच्या पाठीवरची गाठ स्पष्ट दिसत होती. आठ आठवडे आधी आली असती तर आमच्यापुढे तीन वाटा होत्या. त्या दिवशी एकच उरली होती, जन्मानंतरच्या ऑपरेशनची. नवरा पुन्हा पुन्हा विचारत होता, “आता पैसे आहेत की हो, आता का नाही?”

७. रिपोर्टमध्ये ‘लेमन साइन’ आणि ‘बनाना साइन’ लिहिलंय. लिंबू आणि केळं म्हणजे काय?

हसू येतं, पण खुणा पक्क्या आहेत आणि १९८६ पासून सगळं जग त्या वापरतं. बाळाची पाठ उघडी असली की तिथून मेंदूभोवतीचं पाणी गळत राहतं. डोक्यातला दाब कमी होतो, मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जाऊन मानेच्या भोकात अडकतो. लहान मेंदू एरवी डमरूसारखा दिसतो, तो ताणून केळ्यासारखा वाकतो. कपाळाच्या दोन्ही बाजू आत दबल्या की कवटी लिंबासारखी दिसते. म्हणजे पाठीतला दोष आधी डोक्यात दिसतो. म्हणूनच सोनोग्राफीवाले डॉक्टर डोक्यापाशी थांबले आणि मग एकदम गप्प झाले, असं बायका सांगतात.

पोटातच पाठ बंद केली तर काय फरक पडतो? उघड्या मज्जारज्जूला गर्भजल लागून लागून आणि पिशवीच्या भिंतीवर घासून पुढचे चार महिने इजा वाढतच जाते. ती थांबवायची, एवढाच हेतू. झालेली इजा परत भरून येत नाही. अमेरिकेत या प्रश्नावर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०११ मध्ये आले. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. जन्मानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ८२ टक्के बाळांना पहिल्या वर्षात डोक्यातलं पाणी काढायची नळी लागली, पोटात झालेल्यांत ४० टक्क्यांना. अडीच वर्षांचं झाल्यावर आधाराशिवाय चालणारी मुलं पहिल्या गटात २१ टक्के, दुसऱ्यात ४२ टक्के.

हे आकडे मी नेहमी दोन्ही बाजूंनी वाचून दाखवते. चालणारी मुलं दुप्पट झाली, खरं आहे. पण पोटात ऑपरेशन होऊनही निम्म्याहून जास्त मुलं त्या वयात आधाराशिवाय चालत नव्हती. लघवी-शौचाच्या तक्रारी तर बऱ्याच मुलांना राहतात. ‘ऑपरेशन केलं की बाळ नॉर्मल’ असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

८. प्रत्यक्ष काय करतात? बाळाला दुखत नाही का?

उघड्या ऑपरेशनचं सांगते. आईला पूर्ण भूल असते. पोटाला सिझरसारखी चीर देतात आणि पिशवी बाहेर घेतात. मग थेट पिशवीवर सोनोग्राफी लावून वार कुठे चिकटली आहे ते बघतात, कारण चीर वारेला लागली की खेळ खलास. कापता कापता कडा दाबून रक्त थांबवणारं स्टेपलर वापरतात. गर्भजल वाहून जातं, म्हणून कोमट सलाइन सतत आत सोडत राहतात. चिरेतून दिसते ती फक्त बाळाची पाठ. २३ आठवड्यांचं बाळ जेमतेम अर्ध्या किलोचं, कातडी ओल्या कागदासारखी. टाका जरा ओढला की फाटते.

मज्जारज्जू सोडवून आत ठेवतात, त्यावर आवरण, त्यावर कातडी. मग पाणी पुन्हा भरतात आणि पिशवी दोन थरांत शिवतात. आईच्या भुलीचं औषध नाळेतून बाळापर्यंत जातंच. शिवाय बाळाला वेगळं इंजेक्शन देतात, वेदनेचं आणि हालचाल थांबवण्याचं.

९. आईला धोका किती? खरं सांगा.

तिला स्वतःला काहीच आजार नसताना ती हे ऑपरेशन अंगावर घेते. त्यामुळे हा प्रश्न पहिला यायला हवा. प्रत्यक्षात तो नवव्या नंबरवर येतो आणि तोही बहुधा तिची आई विचारते.

सगळ्यात मोठा धोका वेळेआधी बाळंत होण्याचा. वर सांगितलेल्या चाचणीत पोटात ऑपरेशन झालेल्या ७९ टक्के बायका ३७ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, जन्मानंतर ऑपरेशन झालेल्या गटात १५ टक्के. सरासरी ३४ आठवडे. पाणी लवकर जाणं, वार सुटणं, कळा थांबवणाऱ्या औषधांनी फुप्फुसात पाणी होणं हेही होतं. जवळपास एक तृतीयांश जणींच्या पिशवीचा टाका बाळंतपणाच्या वेळी पातळ झालेला किंवा थोडा उसवलेला सापडला. त्या चाचणीत एकाही आईचा मृत्यू झाला नाही, हेही सांगायला हवं.

आणि हे सगळं एका गरोदरपणापुरतं नाही. हे बाळ सिझरनेच, पुढचं प्रत्येक बाळ सिझरनेच, आणि तेही कळा सुरू व्हायच्या आधी. पिशवीवरची ही चीर नेहमीच्या सिझरच्या जागी, खाली नसते. वरच्या जाड भागातला टाका कळांमध्ये फाटू शकतो. दोन वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर “माझं आधी सिझर झालंय” एवढंच सांगून भागणार नाही. ऑपरेशनचा कागद लॅमिनेट करून जपा.

काही बायकांना हे ऑपरेशन करतच नाहीत: जुळं असेल, वार खाली असेल, गर्भाशयाचं तोंड आखूड असेल, आधी खूप लवकर बाळंतपण झालं असेल, वजन फारच जास्त असेल, बाळाला दुसराही मोठा दोष असेल. मूळ चाचणीत मर्यादा १९ ते २६ आठवड्यांच्या आतली होती.

१०. दुर्बिणीतून केलं तर हे सगळं टळतं का?

थोडंफार. पिशवीवर मोठी चीर नसते, त्यामुळे पुढे नॉर्मल बाळंतपणाची शक्यता राहते. पण पिशवीच्या पडद्याला पडलेलं भोक आपोआप बुजत नाही आणि पाणी लवकर जाण्याची भीती असतेच. शिवाय हे काम फार मोजक्या हातांना जमतं. “किती केल्या?” असं विचारायला लाजू नका. आपण गवंडीसुद्धा चौकशी करून ठरवतो.

११. जुळं आहे, डॉक्टर म्हणाले एकाला पाणी जास्त, एकाला कमी. चार दिवसांनी येऊ म्हटलं तर ओरडले.

बरोबर ओरडले.

दिसायला एकसारख्या जुळ्यांपैकी अनेकांची वार एकच असते आणि त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. देणं-घेणं समान असेल तोवर काही बिघडत नाही. साधारण १० ते १५ टक्के अशा जुळ्यांत वाटणी एकतर्फी होते. एक बाळ रक्त देत राहतं, वाळत जातं, त्याची लघवी थांबते, पाणी संपतं आणि पिशवीचा पडदा अंगाला चिकटून बसतो. दुसऱ्याला रक्त जास्त होतं, ते लघवी करत सुटतं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. आईचं पोट आठवड्याभरात टम्म फुगतं. ‘घेणारं बाळ सुखी’ असं नाही, दोघंही धोक्यात असतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात हे जोरात सुरू झालं आणि काहीच केलं नाही, तर बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात.

उपचार लेझरचा. जागा सुन्न करून किंवा कमरेत इंजेक्शन देऊन, आईच्या पोटातून दुर्बीण आत जाते. पडद्यावर वार दिसते, लालसर, वर नद्यांसारख्या शिरा पसरलेल्या. गंमत अशी की इथे धमनी काळपट आणि नीला उजळ असते, कारण वारेकडे येणारं रक्त अशुद्ध आणि परत बाळाकडे जाणारं शुद्ध. धमनी नीलेच्या वरून जाते. या खुणांवरून एका बाळाची शीर दुसऱ्याच्या शिरेला कुठे मिळते ते शोधायचं आणि तो सांधा लेझरने जाळायचा. एकेक करत सगळे. मग त्या सांध्यांमधून एक रेघच ओढतात, नकाशावर सीमा आखावी तशी. शेवटी जास्तीचं पाणी काढून टाकतात.

२००४ साली युरोपातल्या चाचणीत नुसतं पाणी काढण्याशी या लेझरची तुलना झाली. किमान एक बाळ वाचण्याचं प्रमाण लेझरने ७६ टक्के, पाणी काढून ५६ टक्के. दोन्ही वाचतीलच असं नाही आणि हे आधी कळलेलं बरं.

वार एक की दोन, हे तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत नीट कळतं. नंतर कठीण जातं. एकच असेल तर १६ आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. “एवढ्या सोनोग्राफ्या कशाला, पैसे काढायला का?” असं इचलकरंजीच्या एका मामांनी तोंडावर विचारलं होतं. पुढच्याच खेपेला रिपोर्ट बदलला आणि तेच मामा रात्री गाडी घेऊन निघाले.

१२. माझा रक्तगट निगेटिव्ह, ह्यांचा पॉझिटिव्ह. बाळाला पोटात रक्त द्यायला लागेल?

बहुतेक नाही. पहिल्या वेळी क्वचितच. २८ आठवड्यांना आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं की काम झालं. गर्भपातानंतरही ते घ्यायचं असतं आणि तेच राहून जातं.

आईच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशी मारणारी प्रतिपिंडं आधीच तयार झाली असतील तर मात्र बाळाच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीचा वेग डॉप्लरने मोजतात. रक्त पातळ झालं की ते जोरात धावतं. वेग ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर नाळेच्या शिरेत सुई घालून बाळाला रक्त देतात, ओ निगेटिव्ह, आईच्या रक्ताशी जुळवून पाहिलेलं. काही वेळा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा. पोटातल्या उपचारांतला हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात यशस्वी उपचार आहे.

१३. बाळाच्या पडद्याला भोक आहे, आतडी छातीत गेलीत. श्वासनळीत फुगा बसवतात म्हणे?

हो, पण भोक त्याने बुजत नाही. आतड्यांनी जागा अडवल्यामुळे फुप्फुसं वाढत नाहीत. श्वासनळीत छोटा फुगा फुगवून ठेवला की फुप्फुसात तयार होणारं पाणी आतच अडतं आणि ती ताणून वाढतात. फार वाईट प्रकारात फुगा २७ ते २९ आठवड्यांत बसवतात, ३४ व्या आठवड्याच्या सुमारास काढतात. २०२१ च्या चाचणीत अशा बाळांपैकी ४० टक्के घरी गेली, फुग्याशिवाय १५ टक्के. मध्यम प्रकारात ठोस फायदा दिसला नाही.

इथे एक जीवघेणी अट आहे. फुगा काढायच्या आधी कळा सुरू झाल्या आणि फुगा काढता येणारा माणूस जवळ नसला, तर बाळाला जन्मल्यावर श्वासच घेता येणार नाही. म्हणून ते पाच-सहा आठवडे त्याच शहरात राहावं लागतं. “गावाकडं जाऊन येतो” चालत नाही.

१४. लघवी अडली आहे, किडन्या सुजल्यात. नळी घालतील का?

किडनीला थोडी सूज अनेक बाळांत दिसते आणि आपोआप जाते, त्यासाठी काही करत नाहीत. मूत्राशय टम्म आणि गर्भजल जवळपास संपलेलं, असं असेल तर मूत्राशयातून गर्भजलात उघडणारी नळी बसवता येते. पाणी परत आलं की फुप्फुसं वाढतात. किडन्या वाचतीलच असं नाही. म्हणून आधी बाळाची लघवी तपासून किडनीत किती जीव उरलाय ते बघतात.

१५. कोल्हापुरात होतं का? नाहीतर कुठं जायचं?

स्कॅन, फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळाच्या उपचारांच्या) तज्ज्ञांचा सल्ला, गर्भजलाच्या तपासण्या यासाठी गाव सोडायची गरज नाही. उघडं ऑपरेशन मात्र इथे होत नाही. ते देशातही मोजक्याच ठिकाणी होतं. लेझर आणि रक्त देण्यासाठी पुणे, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई हे पर्याय. तुमच्या डॉक्टरांना तिकडच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलायला लावा आणि मगच निघा. तपासणीची वेळ न घेता गेलेली माणसं दोन दिवस बाकड्यावर बसून परत आलेली मी पाहिली आहेत.

बरोबर न्या: सगळ्या सोनोग्राफ्यांचे रिपोर्ट (फोटोंसकट), रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख. जुळ्याच्या लेझरसाठी निघायचं तर त्याच दिवशी. पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्यावर लक्ष ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीपाशी हायवे बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढायला लागली की पोट धरून वाट बघू नका, आदल्या दिवशीच पुणं गाठा.

१६. खर्च किती? योजनेत बसतं का?

आकडा मी देत नाही, कारण रुग्णालयागणिक फार फरक पडतो आणि पानावरचा आकडा धरून लोक भांडायला जातात. एक मात्र सांगते: ऑपरेशनच्या बिलावर हिशेब बांधू नका. बाळ दिवस भरायच्या आधी आलं तर काचेच्या पेटीतले दिवस हा मोठा खर्च असतो. त्यात परगावची खोली, जेवण आणि नवऱ्याची बुडणारी रोजी धरा. विम्याच्या पॉलिसीत ‘प्रसूती’ आणि ‘जन्मजात दोष’ या दोन्ही कलमांत काय वगळलंय ते आधी वाचा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

जन्मानंतरच्या उपचारांची बाजू बरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ, वाकडा पाय, जन्मजात हृदयदोष, कण्याचे दोष अशा मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत तपासणी आणि उपचाराची सोय आहे. सुरुवात आशाताई, अंगणवाडी किंवा सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयापासून करा.

१७. दुर्बीण आत गेली म्हणजे मुलगा की मुलगी दिसतच असणार. एवढं सांगायला काय जातं?

तीन वर्षं जातात, तुरुंगात. १९९४ च्या कायद्याने डॉक्टरांनी लिंग सांगणं गुन्हा आहे, शब्दानेही आणि खुणेनेही. विचारणाऱ्यालाही शिक्षा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवणारं ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ यंत्र आपल्याच जिल्ह्यात बसवलं गेलं होतं, ते विसरू नका. उपचार मुलगा-मुलगी बघून बदलत नाही. तरी विचारलंत तर मी फोन ठेवते.

१८. आम्हाला हे झेपणार नाही. बाळ ठेवायचं नसेल तर?

तोही निर्णय तुमचा आहे आणि त्यासाठी कुणी तुम्हाला दोषी ठरवू नये. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. बाळात गंभीर दोष असेल तर २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं लागतं. २४ आठवड्यांनंतर मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. ऑपरेशन नको, गर्भपातही नको, बाळ येईल तसं स्वीकारू, अशी तिसरी वाटही आहे. ती निवडणाऱ्यांनी बाळंतपण मात्र बालशल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणी करावं.

१९. तिसऱ्या महिन्यात ‘सगळं नॉर्मल’ लिहिलं होतं. मग पाचव्यात दोष कुठून आला? त्या डॉक्टरवर केस करू का?

तिसऱ्या महिन्यात बाळ लिंबाएवढं असतं. मेंदूचे काही भाग, हृदयाचे बारीक दोष तेव्हा दिसतच नाहीत, काही सातव्या महिन्यात उमटतात. मात्र पाचव्या महिन्याचा रिपोर्ट दोन ओळींत उरकला असेल, त्यात पाठ, हृदय, किडनी यांचा वेगळा उल्लेखच नसेल, तर स्कॅन पुन्हा करून घ्या. भांडण नंतर. आठवडे आधी मोजा (प्रश्न ६).

२०. पुढच्या बाळाला पुन्हा होईल का? काय खायचं?

उघड्या कण्याचा दोष एका बाळाला झाला असेल तर पुढच्याला होण्याची शक्यता शंभरात तीन-चार असते. फॉलिक ॲसिडने ती बरीच कमी होते. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत रोज ४ मिलिग्रॅम घेणाऱ्या बायकांत हा दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. दोष आधी झालेला नसेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं.

पण गोळी कधी सुरू करता यावर सगळं आहे. कणा गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होतो, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे झालेले असतात. दुसऱ्या महिन्यात नाव नोंदवताना मिळालेली गोळी या कामाला उशिराची असते. दिवस राहायच्या किमान महिनाभर आधी सुरू करा. फिटच्या काही गोळ्यांनी (व्हॅलप्रोएट) हा धोका वाढतो. त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून आधीच बदलून घ्या.

२१. मी मामाच्या मुलाशी लग्न केलंय. त्यामुळं झालं का?

प्रत्येक दोष त्यामुळे होत नाही. उघड्या कण्यात तर बहुतेकदा एकच असं कारण सापडत नाही. मात्र जवळच्या नात्यात एकूण जन्मदोषांचा धोका साधारण दुपटीकडे जातो, कारण घराण्यातला दडलेला एकच दोष दोघांकडूनही येऊ शकतो. बाळात एकापेक्षा जास्त दोष असतील किंवा आधीचं मूलही आजारी असेल, तर ऑपरेशनचा विचार करण्याआधी जनुकीय तपासणी. मूळ आजारच जनुकांत असेल तर पाठ शिवून फार काही हाती लागत नाही.

२२. जुळ्यांपैकी एकच बाळ सदोष आहे. त्याचंच ऑपरेशन होईल?

दोघांची वार वेगवेगळी असेल तर पिशवी उघडणारं ऑपरेशन सहसा करत नाहीत, कारण धडधाकट बाळही वेळेआधी बाहेर येईल. वार एकच असेल तर गणित आणखी वेगळं: एका बाळाला दिलेलं औषध दुसऱ्यापर्यंत जातं आणि एक बाळ दगावलं तर दुसऱ्याचं रक्त तिकडे ओढलं जाऊन त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. कधी एका बाळाला हृदयच नसतं आणि ते दुसऱ्याच्या हृदयावर जगत असतं. तेव्हा त्याचा रक्तपुरवठा सुईने किंवा लेझरने बंद करून दुसऱ्याला वाचवतात. इथे नातेवाइकांचं ऐकू नका, फीटल मेडिसिनवाल्यांचंच ऐका.

२३. व्हॉट्सॲपवर फोटो येतो, पिशवीतून बाळाचा हात बाहेर येऊन डॉक्टरचं बोट धरतो. खरा आहे का?

फोटो खरा आहे. १९९९ मधला, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या स्पायना बायफिडाच्या ऑपरेशनचा. बाळ २१ आठवड्यांचं. फोटो काढणाऱ्याचं म्हणणं, बाळाने आपणहून हात काढला. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, आई आणि बाळ दोघंही भुलीखाली होते, हात आपणहून हलला नाही. प्रश्न ८ वाचलात तर कुणावर विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवाल.

२४. सही कुणाची? माझी तयारी आहे, पण घरचे नको म्हणतात.

ऑपरेशन तुमच्या शरीरावर, त्यामुळे संमती तुमची. रुग्णालयं नवऱ्याचीही सही मागतात, पण तुमच्या सहीची जागा ती घेत नाही. उलटंही होतं: घरच्यांना ऑपरेशन हवं असतं आणि बाई गप्प बसून मान हलवते. म्हणून दहा मिनिटं मी तिच्याशी एकटीशी बोलते. नवरे बाहेर चहा घेऊन येतात.

२५. ऑपरेशन झालं, आता सातवा लागतोय. डोहाळजेवण करायचं का नाही?

पिशवी उघडली असेल तर बाळंतपण होईपर्यंत त्या रुग्णालयाच्या जवळ, शक्यतो अर्ध्या तासाच्या अंतरावर राहायचं असतं. त्यामुळे गावाकडचा मांडव रद्द. भाड्याच्या खोलीत करा. झोपाळा नको, उभं राहून ओवाळून घेणं नको, दीडशे बायकांनी येऊन पोटाला हात लावणं तर अजिबात नको. खुर्चीत बसवून ओटी भरा, पाच जणी पुरेत. एका आत्तीबाईंनी पुरणपोळीचा डबा घेऊन कोल्हापूरहून रात्रीची गाडी पकडली होती. सून दोन पोळ्या खाऊन आडवी झाली आणि आत्तीबाई तिच्या पायाशी बसून सकाळपर्यंत घड्याळात बघत कळा मोजत होत्या. एकही आली नाही.